खाऱ्या हवेतलं बॉनेट: गाडीचं इंजिन घरी कसं साफ करावं

पहिल्यांदा इंजिन धुतलं तेव्हा मी पाइप थेट बॉनेटखाली सोडला होता. शेजारचे आबा गडग्यापलीकडून बघत होते. म्हणाले, “गाडी आसा ती, म्हस नाय.” मी हसलो. दुसऱ्या दिवशी मालवणहून कणकवलीला निघालो आणि कट्टा गाव ओलांडल्यावर गाडी मिसिंग करायला, म्हणजे झटके देत अडखळत चालायला लागली. कसालपर्यंत कशीबशी रेटली. मिस्त्रीने इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) वर ओढली तर खाली प्लगच्या खोबणीत पाणी साचलेलं. त्याने चिंधीने पाणी टिपलं, हवा मारली आणि विचारलं, “कोणी धुतली?” मी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर हे काम वर्षातून एकदा तरी करत आलोय. नव्याने गाडी घेतलेले, किंवा मुंबई-पुण्याहून गावी राहायला आलेले लोक मला विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट. इंजिन चकचकीत दिसावं म्हणून हा खटाटोप करू नका. समुद्राकाठी गाडी ठेवणाऱ्याने बॉनेट उघडायचं ते तीन कारणांसाठी: मीठ, पालापाचोळा आणि ऑइलची गळती. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून हवेतलं पाणी ओढून विरघळतं. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने नटबोल्टवर, अर्थिंगच्या वायरवर आणि वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिनांवर बसलेला मिठाचा थर आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने ओलाच असतो. गंज तिथून सुरू होतो. त्यात सुरूच्या झाडाच्या सुया नाहीतर आंब्याची पानं अडकली की ओल टिकायला आयती गादी मिळते. आणि ऑइलवर लाल धूळ बसून त्याची खरपुडी झाली की गळती जुनी की नवी, हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही.

हे कोणी करू नये

गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर ओलसर फडक्याने प्लॅस्टिकची झाकणं पुसा आणि तिथेच थांबा. नारिंगी रंगाच्या जाड वायरी हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांना हात लावू नका. बाकीचं काम त्या गाड्यांचं शिक्षण घेतलेल्या माणसाचं. सीएनजी गाडी साफ करता येते, पण रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर आणि त्यांच्या वायरी यांवर पाणी अजिबात नको. गॅसचा वास आला तर काम बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि थेट गॅरेज. गाडी वॉरंटीत असेल तर मॅन्युअलमध्ये इंजिन धुण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. काही कंपन्या पाणी मारू नका असं स्पष्ट लिहितात. मग वाद घालण्यात अर्थ नाही, फडकं आणि कुंचला एवढ्यावर भागवा.

काय काय लागेल

- गाडीचं मॅन्युअल (फ्यूज बॉक्स, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम नेमके कुठे आहेत हे बघायला)
- म्युझिक सिस्टीमचा कोड, असेल तर
- १० नंबरचा पाना (बहुतेक गाड्यांच्या बॅटरीच्या नटला लागतो)
- रबरी हातमोजे आणि साधा चष्मा
- रंगाचे दोन-तीन जुने कुंचले, टूथब्रश, बाटली घासायचा ब्रश
- जाड पॉलिथिनच्या पिशव्या आणि रबर बँड
- पाण्यावर आधारलेलं डिग्रीझर (ऑइलचा मळ सोडवणारं द्रावण), ॲल्युमिनियम आणि रबराला चालतं असं लेबलवर लिहिलेलं
- हाताने दाबायच्या फवाऱ्याच्या दोन बाटल्या, एक डिग्रीझरची, एक गोड्या पाण्याची
- सात-आठ सुती फडकी (जुने पंचे उत्तम)
- खायचा सोडा, व्हॅसलीन
- ब्लोअर, मिळाला तर
- ताडपत्री आणि पोतंभर लाकडाचा भुसा

फवाऱ्याबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे घरोघरी आंब्याला फवारणी करायचा पंप असतो आणि तोच घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो आणि तुम्ही नाक बॉनेटमध्ये खुपसून काम करणार आहात. शंभर रुपयांची नवी बाटली आणा.

१. दिवस आणि जागा निवडा

पावसाळ्यात हे काम काढू नका, काही म्हणजे काही वाळणार नाही. मी दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर, एकदा नीट साफ करतो आणि मे महिन्यात फक्त पाला काढून ओल्या फडक्याने पुसतो. वेळ सकाळची, सात-साडेसातची. इंजिन रात्रभर गार झालेलं असतं आणि पुढे वाळायला ऊन मिळतं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की बॉनेट बंद झालेलं हवं, नाहीतर धुतलेल्यावर पुन्हा मीठ बसायचं.

जागेचा विचार तर जास्तच करा. खालचा कातळ जांभ्याचा असेल तर त्यावर पडलेलं पाणी भोकाभोकांतून झरझर मुरतं. विहीर जवळ असेल तर ऑइल आणि डिग्रीझरचं पाणी तिकडेच जाणार. पोफळीच्या आळ्यात, पऱ्यात किंवा वहाळाजवळ हे पाणी सोडू नका. मी सिमेंटच्या खळ्यात ताडपत्री अंथरतो, तिच्या कडा विटांवर चढवतो आणि मधोमध भुसा पसरतो. पाणी मुळात कमीच वापरायचं असल्यामुळे भुशात जिरतं. तो भुसा मग गोणीत भरून गॅरेजवाल्याला देतो, तो जुन्या ऑइलच्या कचऱ्याबरोबर त्याची विल्हेवाट लावतो. हे जमण्यासारखं नसेल तर ज्या वॉशिंग सेंटरवर सांडपाण्यातलं ऑइल वेगळं करायची टाकी आहे तिथे गाडी न्या, पण पाइप त्यांच्या हातात देऊ नका. का, ते पुढे सांगतो.

२. बॉनेट थापटा, मग उघडा

हसण्यावारी नेऊ नका. पाऊस संपता संपता गाडी माडाखाली किंवा गवताजवळ उभी असली की आत उंदीर असतो, आणि उंदरामागून कधी कधी सापही येतो. बॉनेटवर दोन-चार थापा मारा, मिनिटभर थांबा, मग उघडा.

इंजिनाला हाताचा मागचा भाग जवळ नेऊन बघा. कोमट चालेल, गरम नको. गरम इंजिनावर डिग्रीझर लगेच सुकतं आणि डाग पडतात. तापलेल्या धातूवर गार पाणी पडणंही बरं नाही, आणि रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही अचानक फिरतो. रेडिएटरचं झाकण उघडायचं काम नाही. उलट कूलंट, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, वायपरचं पाणी अशी सगळी झाकणं घट्ट आहेत ना ते एकदा फिरवून बघा. डिपस्टिक पूर्ण खाली बसलेली हवी. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं, म्हणून त्याच्या झाकणाकडे विशेष लक्ष.

३. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा

चावी खिशात ठेवा, एक काच खाली करून ठेवा (बॅटरी काढल्यावर दारं लॉक होऊन चावी आत अडकलेली मी पाहिली आहे). मग काळी, वजा खुणेची वायर आधी काढा आणि फडक्यात गुंडाळून बाजूला वळवा. आधी अधिक खुणेची काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडेल. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिच्याजवळ ठिणगी नको आणि विडी-सिगारेटही नको.

४. कोरडी सफाई

या पायरीला मी निम्मा वेळ देतो. इथे जितका कचरा निघेल तितकं पुढे पाणी कमी लागतं.

सुरुवात काचेच्या खालच्या, वायपरच्या जाळीपासून. सुरूच्या बनाजवळ गाडी लावणाऱ्यांच्या जाळीत सुया गच्च भरलेल्या असतात. जाळीच्या दोन्ही टोकांना पाणी खाली जायची भोकं आहेत, ती बोटाने आणि मऊ तारेने मोकळी करा. ही भोकं तुंबली की पावसाचं पाणी साचतं आणि एसीच्या पंख्याच्या वाटेने आत पायदानावर येतं, किंवा काही गाड्यांत ईसीएमवर टपकतं. “गाडीत पाणी कुठून येतं कळत नाही” ही तक्रार अनेकदा या दोन भोकांचीच असते.

मग मोठ्या कुंचल्याने वरून खाली धूळ झाडा. आंब्याखाली गाडी लावत असाल तर मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. ते ऑइल समजून डिग्रीझर ओतू नका. ती साखर आहे, कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने निघते.

उंदराची लेंडी किंवा घरटं दिसलं तर मात्र कोरडं झाडू नका, ब्लोअर तर मुळीच मारू नका. आपल्या भागात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) नवा नाही, आणि तो उंदराच्या मुताने भिजलेल्या जागेतून हातावरच्या साध्या ओरखड्यातून शिरतो. हातमोजे घाला, जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि कागदाने उचलून पिशवीत बांधा. नंतर ताप आलाच तर डॉक्टरांना हे काम केल्याचं आठवणीने सांगा. त्याच वेळी आजूबाजूच्या वायरी बघून घ्या. कुरतडलेली वायर दिसली तर आजचं धुणं रद्द, आधी इलेक्ट्रिशियन. तांबं उघडं पडलेल्या वायरीवर पाणी मारून तुम्ही नवंच दुखणं ओढवून घ्याल.

५. झाकायचं ते झाका

अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीएम, बॅटरी, हवेच्या फिल्टरचं तोंड आणि त्याच्या पाइपवरचा सेन्सर, इग्निशन कॉइल. यांवर पॉलिथिन चढवून रबर बँड लावा. अल्टरनेटर खाली लपलेला असतो, मॅन्युअल बघून शोधा. त्याला हवा खेळायला उघड्या फटी असतात, पाणी सरळ आत जातं.

“गाडी पावसात चालते, मग एवढी झाकाझाक कशाला?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पावसाचे शिंतोडे खालून, विरलेले येतात आणि गरम इंजिनावर वाळूनही जातात. तुम्ही वरून, जवळून, थेट कपलरवर पाणी टाकणार असता, तेही गार इंजिनावर. फरक तिथे पडतो.

किती पिशव्या लावल्या ते मोजून ठेवा. मी एकदा सहा लावल्या आणि पाच काढल्या. सहावी अल्टरनेटरवर वितळलेली सापडली.

६. डिग्रीझर: कुठे, किती, किती वेळ

आधी काय वापरू नये ते. पेट्रोल नाहीच नाही. रॉकेल आणि डिझेल पूर्वी सगळे मिस्त्री वापरायचे, अजूनही काही वापरतात. रॉकेलची वाफ साधारण ३८ अंशांपासून पेट घेऊ शकते, एक्झॉस्टचा पाइप काही शे अंशांपर्यंत तापतो, आणि कोपऱ्यात राहिलेला थेंब तुम्हाला दिसत नाही. शिवाय ही तेलं रबरी होज फुगवतात आणि बेल्टवर पडली तर बेल्ट घसरतो. कपडे धुण्याची पावडर, कॉस्टिक सोडा, फरशीचं ॲसिड यातलं काही नको. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, टॅपेट कव्हर (इंजिनाच्या वरचं झाकण) काळं पडतं आणि ते काळं परत जात नाही.

प्रमाण लेबलवर लिहिलेलं असतं, तेच पाळा. माझ्याकडच्या डिग्रीझरला नुसत्या धुळकट मळासाठी १ भागाला १० भाग पाणी पुरतं, ऑइलच्या खरपुडीला १ ला ४. ते थेट इंजिनावर न फवारता बरेचदा कुंचल्यावर फवारतो आणि कुंचला जागेवर लावतो. असं केलं की डिग्रीझर जिथे हवं तिथेच जातं.

खालून वर जा, म्हणजे स्वच्छ भागावर ओघळांचे डाग पडत नाहीत. एका वेळी हातभर जागा, तीन ते पाच मिनिटं भिजू द्या, कुंचल्याने घोळवा, सुकायच्या आत पुसा. टॅपेट कव्हरच्या कडा, ऑइल भरायच्या झाकणाभोवतीची जागा आणि ऑइल फिल्टरच्या वरचा भाग, मळ बहुतेक इथेच असतो. बेल्टवर डिग्रीझर उडालं तर लगेच गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, नाहीतर गाडी सुरू केल्यावर किंचाळते. बॉनेटला आतून लावलेल्या नमद्याला (जाड अस्तराला) हात लावू नका. तो भिजला की आपल्या हवेत दिवसेंदिवस वाळत नाही आणि वास मारतो.

७. पाणी: गोडं, थोडं आणि हलकं

गोडं म्हणजे खरोखर गोडं. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचं पाणी मे महिन्यापर्यंत मचूळ होतं. मीठ काढायला निघालोय आणि खारं पाणीच मारतोय, असं होऊ नये. जिभेवर थेंब ठेवून बघा. शंका आली तर नळाचं पाणी बादलीभर भरून ठेवा. मला पूर्ण इंजिनाला एक बादलीही लागत नाही.

हलकं म्हणजे, स्लॅबवरच्या टाकीतून नळाला जेवढा जोर येतो तेवढा कमाल. तो अर्धा बारसुद्धा नसतो. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचा जोर शंभर बारच्या आसपास जातो. तेवढ्या धारेने पाणी रबरी सीलच्या आत, कपलरच्या आत, वायरिंगच्या टेपच्या आत शिरतं. वर सगळं झकास दिसतं. आत शिरलेलं पाणी पिना हिरव्या करत बसतं आणि चार महिन्यांनी कुठलासा सेन्सर रुसतो. तोवर धुतल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. पाइप त्यांच्या हातात देऊ नका म्हणालो ते यासाठी. पोऱ्याची चूक नसते, त्याला तासाला चार गाड्या उरकायच्या असतात.

म्हणून फवाऱ्याच्या बाटलीने वरून खाली, मागून पुढे, आणि प्रत्येक फवाऱ्यामागे लगेच फडकं. पिशव्या लावलेल्या भागांच्या आसपास पाणी नाहीच, फक्त पिळलेलं फडकं.

रेडिएटरच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या जाळीवर मात्र पाणी सोडायला हरकत नाही, तिथे मीठ आणि किडे सगळ्यात जास्त बसतात. हलकी धार, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून बाहेर. ब्रशने घासू नका, ॲल्युमिनियमच्या पात्या नखानेसुद्धा वाकतात.

८. वाळवा

पिशव्या काढा (मोजा). फडक्याने खोबणी टिपा, ब्लोअर असेल तर कपलरच्या कडांवरून, कॉइलभोवतीने आणि बोल्टच्या खड्ड्यांतून हवा फिरवा. बॉनेट उघडं ठेवून गाडी उन्हात दोन तास उभी राहू दे. तोवर न्याहारी करा. घाईने चालू करण्याचं काहीही कारण नाही.

९. बॅटरीची टोकं आणि पुन्हा जोडणी

टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर अधिक खुणेचीही वायर आता काढा. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा कालवून टूथब्रशने लावा. फसफसेल, ते बरोबर आहे. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. जोडताना उलटा क्रम, अधिक आधी, वजा शेवटी. नट आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा थर. खाऱ्या हवेत हा दोन रुपयांचा थर फार कामाचा आहे. अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बसते त्या बोल्टवरही बोटभर लावा.

रबरी होजना चमक आणायची असेल तर पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग फडक्यावर घेऊन पुसा. बेल्टवर काहीही लावू नका. तेलकट चमक देणारी स्वस्त पॉलिश तर टाळाच, आठवड्यात तिच्यावर लाल धुळीचा लेप चढतो.

१०. सुरू करा आणि ऐका

सेल्फ मारा, दहा-पंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, बॉनेट उघडं. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, ओढणी, पंचा लांब. थोडी वाफ निघेल, घाबरू नका. घड्याळ शून्यावर गेलेलं असेल आणि काचांचं एका दाबात वर जाणं बंद झालेलं असेल, ते मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावून घ्या.

गाडी लगेच सुरू झाली नाही तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसू नका. मिसिंग करत असेल किंवा इंजिन चेकची लाइट आली असेल तर बंद करा, बॅटरीची वजा वायर काढा आणि कॉइलच्या खाली पाणी आहे का बघा. बहुतेक वेळा तेच असतं. पाणी टिपून, तासभर उन्हात ठेवून पुन्हा बघा. लाइट तरीही गेली नाही तर स्कॅनर असलेल्या गॅरेजला फोन करा. मिसिंग करणारी गाडी हाकत नेऊ नका, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो भाग महाग आहे. मी कसालपर्यंत रेटली होती ते नशीब म्हणून निभावलं.

सगळं ठीक असेल तर दोनेकशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि मग टॉर्च घेऊन पुन्हा बॉनेट उघडा. टॅपेट कव्हरच्या कडेला ओली रेघ दिसली तर टॅपेट पॅकिंग गळतंय. डिझेल गाडीत टर्बोच्या होजच्या जोडावर ऑइलचा हलका ओलावा असतो, तो चालतो, थेंब पडत असेल तर नाही. कूलंटच्या रंगाचा ओघळ वाळलेला दिसला तर होजची क्लिप बघा. मोबाइलवर फोटो काढा आणि मिस्त्रीला दाखवा. गेल्या वर्षी माझ्या गाडीचं पॅकिंग असंच सापडलं.